दंतरोपण आणि हिरड्यांचे आरोग्य : प्रस्तावना

गेलेल्या दाताच्या जागी नवा दात बसवून घ्यावा, ही मनुष्याची इच्छा पुरातन आहे. परंतु तो दात शेजारच्या दातांच्या आधाराने किंवा हिरडीवर टेकून न राहता जबड्याच्या अस्थीतच पाय रोवून उभा राहावा, ही गोष्ट गेल्या साठ वर्षांतच खऱ्या अर्थाने साध्य झाली. टिटॅनियमचा एक लहानसा स्क्रू अस्थीत बसवायचा, अस्थीने त्याला आपलासा करीपर्यंत धीर धरायचा आणि मग त्यावर दात चढवायचा, असा हा उपचार असून डॉक्टरांपासून रुग्णांपर्यंत सर्वांच्या तोंडी त्याला ‘इम्प्लांट’ हेच नाव बसले आहे. एके काळी मोठ्या शहरांपुरता मर्यादित असलेला हा उपचार आता सोलापुरात नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत उपलब्ध आहे, आणि अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्यापासून सीमेपलीकडच्या इंडीपर्यंतची माणसे त्यासाठी या शहरात येतात.

या उपचाराचे गुणगान करणारे साहित्य विपुल आहे. बसविलेला दात पहिल्या वर्षी कसा दिसतो, हे सर्वांनाच ठाऊक असते. तोच दात दहाव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षी कोणत्या अवस्थेत असतो, त्याच्याभोवतीच्या हिरडीतून रक्त येते काय, तिच्याखालची अस्थी किती झिजलेली असते आणि ती झिजू नये म्हणून कोणी काय करावयास हवे होते, या प्रश्नांची सविस्तर उत्तरे मराठी वाचकाला एका ठिकाणी सहसा मिळत नाहीत. प्रस्तुत ग्रंथ शस्त्रक्रिया संपते तेथून सुरू होतो. त्यातील विवेचनाचे सार सांगावयाचे झाल्यास असे सांगता येईल की, इम्प्लांट अस्थीत रुजविण्याचा प्रश्न आता बव्हंशी सुटला असून त्याचे पुढील आयुष्य हिरडीच्या काठावर, रोजच्या स्वच्छतेवर आणि ठरल्या मुदतीच्या तपासणीवर अवलंबून राहते. आणि ज्या कारणाने मूळचा दात गेला, ते कारण तोंडात तसेच नांदत राहिले तर ते नव्या दातालाही सोडीत नाही.

या विद्येचा पूर्वेतिहास दोन धारांनी वाहत आला आहे. होंडुरासमध्ये १९३१ साली सापडलेल्या माया संस्कृतीच्या काळातील एका जबड्यात खालच्या पुढील दातांच्या जागी शिंपल्याचे दाताच्या आकाराचे तुकडे बसविलेले आढळले, आणि १९७० साली त्याचे क्ष-किरण चित्र घेतले असता त्या तुकड्यांभोवती अस्थी भरून आल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे तेराचौदाशे वर्षांपूर्वी जिवंत माणसाच्या जबड्यात हा प्रयोग झाला असला पाहिजे. दुसरी धारा हिरडीच्या रोगांच्या ज्ञानाची. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने दंतमुळाचे पंधरा रोग गणले, आणि त्यांतील ‘दंतवेष्ट’ या रोगाच्या वर्णनात पू व रक्त वाहणे आणि दात हलू लागणे ही दोन्ही लक्षणे एकत्र नोंदविली. नवा दात बसविण्याचे कौशल्य आणि हिरडीच्या रोगांची ओळख या दोन्ही गोष्टी अशा जुन्या असल्या, तरी त्यांची गाठ पडली ती मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि ती तितक्या उशिरा पडल्याची किंमत पुष्कळ रुग्णांना मोजावी लागली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक प्रयत्न झाले. बोस्टनच्या स्ट्रॉक बंधूंनी १९३०च्या दशकात कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे स्क्रू जबड्यात बसविले; स्वीडनच्या गुस्ताव डाल यांनी १९४०च्या दशकात अस्थीत न शिरता तिच्या पृष्ठभागावर टेकणारी धातूची चौकट हिरडीखाली बसविण्याची रीत काढली; आणि अमेरिकेतील लेनर्ड लिंकाव यांनी १९६०च्या दशकात पात्याच्या आकाराचे इम्प्लांट प्रचारात आणले. या पात्यांभोवती बहुधा तंतुमय ऊतींचा थर तयार होई. नैसर्गिक दाताभोवतीही तंतूंचे आवरण असते, तेव्हा हा थर त्याचेच काम करील, अशी त्या संप्रदायाची धारणा होती. परंतु काही वर्षांनी पाते हलू लागे, त्याच्या कडेने जंतू खाली उतरत, आणि ते काढावयाची वेळ आली म्हणजे भोवतालच्या अस्थीचाही मोठा भाग गमवावा लागे.

या सगळ्याला कलाटणी मिळाली ती दंतवैद्यकाच्या बाहेरून. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक १९५०च्या दशकात सशाच्या अस्थीतील सूक्ष्म रक्ताभिसरणाचे निरीक्षण करण्यासाठी टिटॅनियमचे एक उपकरण वापरीत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण काढू गेले तो ते निघेना, कारण अस्थी त्याला थेट जाऊन भिडली होती. दुसरा एखादा संशोधक उपकरण वाया गेले म्हणून हळहळला असता. ब्रोनेमार्क यांनी त्या चिकटण्याचाच अभ्यास आरंभिला, आणि १९६५ साली गोथेनबर्ग येथे योस्ता लार्सन या जन्मतः जबड्याचे व्यंग असलेल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसविले. लार्सन २००६ साली वारले, तोपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, ते इम्प्लांट त्यांच्या उपयोगी पडत होते.

एका रुग्णाच्या हकीकतीवरून शास्त्र उभे राहत नाही, हे ब्रोनेमार्क यांच्या संप्रदायाने ओळखले होते. १९८१ साली त्या गटाने पंधरा वर्षांच्या अनुभवाचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ३७१ रुग्णांच्या ४१० दंतहीन जबड्यांत बसविलेल्या २,७६८ स्क्रूंचा हिशेब होता. पाच ते नऊ वर्षे पाहणीखाली राहिलेल्या जबड्यांत वरचे ८१ टक्के आणि खालचे ९१ टक्के स्क्रू स्थिर राहिलेले होते. १९८२च्या टोरोंटो परिषदेनंतर ही पद्धती जगभर मान्य झाली. १९८६ साली आल्ब्रेक्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यशाचे जे निकष घालून दिले, त्यांत इम्प्लांट न हलणे, वेदना नसणे आणि पहिल्या वर्षानंतर अस्थीची झीज दरसाल ०.२ मिलिमीटरहून कमी असणे ही प्रमुख कलमे होती. हिरडीतून रक्त येते की नाही, याला त्या निकषांत स्थान नव्हते. पुढच्या वादाचे बीज या उणिवेत आहे.

गोथेनबर्गच्या मूळ पद्धतीत स्क्रू हिरडीखाली पूर्ण झाकून तीन ते सहा महिने ठेवीत आणि मग दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेने तो उघडीत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील आंद्रे श्रोडर यांच्या संप्रदायाने इम्प्लांटचे तोंड पहिल्या दिवसापासून हिरडीबाहेर ठेवले तरी चालते, हे दाखवून दिले. १९९०च्या दशकात गुळगुळीत पृष्ठभागाची जागा खरबरीत पृष्ठभागाने घेतली. त्याने अस्थी लवकर धरते, परंतु तोच पृष्ठभाग पुढे हिरडीबाहेर उघडा पडला तर त्यावर जंतूंचे थर बसतात आणि ते खरवडून काढणे दुष्कर होते. अलीकडे आपल्याकडे जबड्याच्या खोलवरच्या कठीण अस्थीत अडकविण्याचे ‘बेसल’ इम्प्लांट आणि त्यांवर दोनतीन दिवसांत दात चढविण्याची रीत यांचा पुष्कळ प्रसार झाला आहे. लवकर दात मिळणे हा रुग्णाच्या दृष्टीने मोठा लाभ आहे, यात शंका नाही. तथापि कोणत्याही पद्धतीची खरी परीक्षा त्रयस्थांनी दीर्घ मुदतीपर्यंत ठेवलेल्या नोंदींनीच होते, आणि हा नियम सर्व संप्रदायांना सारखाच लागू आहे.

आता हिरडीकडे वळू, कारण या ग्रंथाचा गाभा तेथे आहे. नैसर्गिक दाताच्या मुळावर एक पातळ आच्छादन असते आणि हिरडीतील व अस्थीतील तंतूंची टोके त्यात आडवी घुसून पक्की गुंतलेली असतात. इम्प्लांटच्या धातूवर तसे आच्छादन नसल्याने हिरडीतील तंतू त्याच्या पृष्ठभागाला समांतर, नुसते लगटून राहतात. मागावर विणल्या गेलेल्या किनारीत आणि वरून गुंडाळलेल्या पट्टीत जो फरक सोलापूरच्या विणकराला हात लावताच कळतो, तोच फरक येथे आहे. शिवाय नैसर्गिक दाताभोवती जो तंतुमय पडदा असतो त्यातून हिरडीला रक्ताचा एक स्वतंत्र पुरवठा होतो. इम्प्लांटभोवती तो पडदाच नसल्याने हा पुरवठा कमी पडतो. परिणामी जंतूंचा थर साचला म्हणजे इम्प्लांटभोवतीचा दाह खोलवर लवकर उतरतो आणि त्याला अटकाव करणारी यंत्रणा दुबळी ठरते.

या रोगाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीत दाह हिरडीपुरता राहतो. तिला म्युकोसायटिस म्हणतात, आणि वेळीच स्वच्छता केल्यास ती उलटविता येते. दुसरीत खालची अस्थी झिजू लागते. ती पेरिइम्प्लांटायटिस, आणि गेलेली अस्थी सहसा पूर्ववत भरून येत नाही. २०१७ साली भरलेल्या जागतिक कार्यशाळेने या अवस्थांच्या व्याख्या निश्चित केल्या आणि रोगनिदानाचा पाया म्हणून दात बसविल्याच्या वेळचे क्ष-किरण चित्र व त्या वेळची हिरडीची मोजणी जपून ठेवावी, असे बजावले. हा रोग मूलतः जंतूंमुळेच होतो, की धातूसारखी परकी वस्तू आणि शरीर यांच्यातील समतोल ढळल्याने अस्थी आधी झिजते व जंतू मागून येतात, याविषयी आजही दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षात लिंदे, बर्गलुंड आणि लँग यांच्यासारखे हिरडीरोगतज्ज्ञ असून दुसऱ्याचे प्रमुख प्रवक्ते आल्ब्रेक्टसन होत. पहिल्या पक्षाचे पारडे जड आहे, असे मला वाटते. कारण निरोगी माणसांनी तीन आठवडे ब्रश थांबविला असता इम्प्लांटभोवती दाह उत्पन्न होतो, हे प्रत्यक्ष प्रयोगाने दिसलेले आहे, आणि पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर नैसर्गिक दाताभोवतीची हिरडी तीन आठवड्यांत पूर्वस्थितीला येत असताना इम्प्लांटभोवतीच्या हिरडीला त्याहून अधिक काळ लागतो, हेही दिसलेले आहे.

हा रोग किती कपटाने वाढतो, हे दवाखान्यात जवळून पाहिल्याखेरीज समजत नाही. आठ वर्षांपूर्वी खालची दाढ बसवून घेतलेल्या एखाद्या मावशी खुर्चीवर बसतात आणि म्हणतात, ‘‘डॉक्टर, दुखत काहीच नाही बघा, नुसतं घासताना रक्त येतंय.’’ मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हलक्या हाताने हिरडीच्या काठाकाठाने फिरवीत नेली, तर गालाकडच्या बाजूस ती तीन मिलिमीटरवर थांबते, आणि मागच्या बाजूस मात्र निमूटपणे सातपर्यंत खाली जाते. ती बाहेर काढताच रक्ताचा ठिपका उमटतो व बोटाने हिरडी दाबली तर त्यामागून पू डोकावतो. क्ष-किरण चित्रात इम्प्लांटच्या मानेभोवती वाटोळा खोलगट खड्डा पडलेला असतो आणि स्क्रूचे वरचे आटे अस्थीविना उघडे दिसतात. आणि एवढे होऊनही दाढ तसूभर हलत नाही, कारण खालच्या भागात अस्थीने स्क्रूला घट्ट धरून ठेवलेले असते. नैसर्गिक दात हलू लागून धन्याला सूचना देतो. इम्प्लांट हलतो तो सर्व संपल्यावर. म्हणून दुखत नाही, हलत नाही, एवढ्यावर विसंबून तपासणीची हयगय करणे घातक आहे.

आकड्यांचा विचार केला तर चित्र दुहेरी आहे. दहा वर्षांनंतर जबड्यात टिकून असलेल्या इम्प्लांटचे प्रमाण शेकडा ९५च्या आसपास आढळते, आणि वैद्यकात इतके यश फार थोड्या उपचारांना लाभलेले आहे. परंतु टिकून असलेला प्रत्येक इम्प्लांट निरोगी असतोच असे नाही. स्वीडनमध्ये शासकीय विमा दप्तरातून निवडलेल्या ५८८ रुग्णांची उपचारानंतर नऊ वर्षांनी तपासणी केली असता ४५ टक्के रुग्णांत पेरिइम्प्लांटायटिसची काही ना काही चिन्हे आणि १४.५ टक्के रुग्णांत मध्यम वा तीव्र रोग आढळला. २०१६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बर्न येथील दहा वर्षांच्या पाहणीत, ज्यांचे दात पूर्वी हिरड्यांच्या रोगाने गेले होते त्यांच्या २८.६ टक्के इम्प्लांटना हा रोग जडला. इतरांत हेच प्रमाण ५.८ टक्के होते. आणि ब्राझीलमधील २०१२च्या एका अभ्यासात म्युकोसायटिस झालेल्यांचा पाच वर्षे मागोवा घेतला, तेव्हा नियमित देखभाल करवून घेणाऱ्यांपैकी १८ टक्के, तर न करवून घेणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के रुग्ण पुढच्या पायरीवर गेलेले आढळले. हा शेवटचा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नियतीवर किंवा स्क्रूच्या किमतीवर न सोडता माणसाच्या हाती किती आहे, ते त्यातून कळते.

उपचार करणाऱ्याचा वाटाही येथे लहान नाही. कॅप चिकटविताना हिरडीखाली राहून गेलेला सिमेंटचा एखादा कण वर्षानुवर्षे दाह पेटता ठेवू शकतो. २००९च्या एका अमेरिकी अभ्यासात रोगग्रस्त इम्प्लांटपैकी ८१ टक्क्यांभोवती असे सिमेंट सापडले आणि ते काढल्यावर त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश ठिकाणी रोगाची चिन्हे मावळली. कॅपचा आकार असा फुगीर केला की ब्रश खाली पोहोचूच नये, किंवा स्क्रू चुकीच्या कोनात बसविला, तर रुग्णाने कितीही मनोभावे घासले तरी व्यर्थ. स्वच्छ करता येईल असाच दात बसविणे हे चिकित्सकाचे आद्य कर्तव्य होय.

सोलापूरच्या संदर्भात या सर्व गोष्टींना वेगळी धार येते. हे विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे, यंत्रमागाचे आणि चादरीचे शहर. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारखी विडी कामगारांची मोठी वसाहत याच परिसरात उभी आहे. तंबाखू येथे चरितार्थही आहे आणि व्यसनही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले आणि त्यांतील बहुतेक, म्हणजे एकंदर प्रौढांपैकी २४.४ टक्के, ती धूरविरहित रूपात घेत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, परंतु मावा आणि चुन्याची चिमूट सुटलेली नाही, आणि मिश्रीने दात घासणाऱ्या कितीतरी स्त्रिया तिला व्यसन न मानता स्वच्छतेचाच भाग मानतात. त्यात मधुमेहाची भर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक सांगितली आहे, आणि साखर ताब्यात नसलेल्या शरीरात हिरडीची जखम भरणे व जंतूंचा प्रतिकार होणे ही दोन्ही कामे मंदावतात.

दुसऱ्या बाजूला गरजही तितकीच खरी आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा ज्या प्रदेशाचा नित्याचा आहार, तेथे दाढा गेलेल्या माणसाला भाकरी दुधात कुस्करून खावी लागते, आणि घरातील ताटापासून त्याचे ताट वेगळे पडते. हे दुःख केवळ सौंदर्याचे नाही. अशांसाठी प्रत्येक दाताच्या जागी इम्प्लांट हवाच असेही नाही. २००२ साली मॅकगिल विद्यापीठात झालेल्या तज्ज्ञसंमतीने दंतहीन खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकविलेली कवळी हा प्रथम पसंतीचा उपचार ठरविला. त्यात खर्च बेताचा होतो, आणि कवळी काढून दोन्ही ठिकाणे घासता येत असल्याने हिरडीची निगा राखणेही सुलभ होते. बहुतेक कुटुंबांना हा खर्च पदरमोड करूनच भागवावा लागतो, तेव्हा अशा मध्यममार्गाची माहिती रुग्णाला आधी मिळणे हा त्याचा हक्क आहे.

रोग जडल्यावरचे इलाज या ग्रंथात तपशिलाने आले आहेत. हिरडीपुरता दाह असेल तर व्यावसायिक स्वच्छता आणि घरची शिस्त बहुधा पुरते. अस्थी झिजली असेल तर हिरडी उघडून धातूचा पृष्ठभाग निर्जंतुक करणे, कधी उघडे आटे घासून गुळगुळीत करणे, कधी अस्थीचे रोपण करणे, असे मार्ग आहेत. त्यांपैकी कोणताही कायमची हमी देत नाही, आणि नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी हा रोग जात नाही. कंपनीच्या वॉरंटी कार्डावर जी हमी छापलेली असते ती धातूची असते. हिरडीला जामीन कोणी राहत नाही. म्हणून उपचारापूर्वी तंबाखू सोडणे, साखर आटोक्यात आणणे आणि उरलेल्या दातांच्या हिरड्यांचा रोग आधी मिटविणे, आणि उपचारानंतर रुग्णाच्या जोखमीप्रमाणे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करविणे, ही तजवीज शस्त्रक्रियेइतकीच उपचाराचा भाग मानली पाहिजे आणि तिचा खर्चही पहिल्याच दिवशी सांगितला पाहिजे. इंडीहून किंवा उमरग्याहून येणाऱ्या माणसाचा तपासणीपायी एक दिवसाचा रोजगार बुडतो, हे विसरून चालणार नाही. आणि मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी अशा चार बोली नांदणाऱ्या या शहरात दातांमधला बारीक ब्रश कसा फिरवावा, हे ज्याला त्याला त्याच्या बोलीत, आरसा हाती देऊन दाखवावे लागेल.

हा ग्रंथ तरुण दंतवैद्यासाठी जसा आहे, तसाच इम्प्लांट बसवून घ्यावा की नाही याचा विचार करणाऱ्या सुजाण वाचकासाठीही आहे. शस्त्रक्रियेचे तंत्र शिकविणे हा त्याचा हेतू नाही, आणि कोणत्याही कंपनीचा किंवा संप्रदायाचा कैवार त्याने घेतलेला नाही. इम्प्लांटला नकार देणे किंवा त्याची भीती घालणे हेही त्याचे प्रयोजन नव्हे. योग्य रुग्णाला, योग्य पूर्वतयारीनंतर मिळालेला हा उपचार मनुष्याला पुन्हा सुखाने जेवू देतो, यावर लेखकांची आणि माझीही पूर्ण श्रद्धा आहे. त्यांनी प्रयत्न केला आहे तो दीर्घकालीन परिणामांचे पुरावे तोलून मांडण्याचा आणि जगातील संशोधन आपल्या तोंडांना, सवयींना व मिळकतीला कितपत लागू पडते हे तपासण्याचा. स्वीडनला नऊ वर्षांनंतरचे सत्य कळू शकले, कारण तेथे दप्तर नीट ठेवलेले होते. सोलापुरात १९६३ साली स्थापन झालेले आणि आज शासकीय असलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, केगावला दंत महाविद्यालय आहे, आणि खाजगी दवाखान्यांची संख्या मोठी आहे. इम्प्लांटचा प्रकार, माप व लॉट क्रमांक, पहिल्या दिवसाचे क्ष-किरण चित्र आणि हिरडीची मोजणी एवढा दस्तऐवज प्रत्येकाने जपला व त्याची एक प्रत रुग्णाच्या हाती दिली, तर दहा वर्षांनी या जिल्ह्यालाही स्वतःचे उत्तर मिळेल. हे काम सुरू करण्यास मोठ्या निधीची गरज नाही. या ग्रंथाच्या वाचनाने सोलापुरातील चार दवाखान्यांत जरी अशी नोंदवही उघडली गेली, तरी लेखकांचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.